पॅरलल पोर्टवरचा राउटर लांब कामात स्टेप खातो: लिनक्ससीएनसीच्या पीसीची लेटन्सी कशी उतरवायची?

फोंडेकर_सुतार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यात आमचं सुतारकामाचं दुकान आहे. देव्हारे, दारांच्या चौकटी, खुर्च्यांच्या पाठी आणि चवथ जवळ आली की मखरं. नक्षीकामासाठी तीन अक्षांचा राउटर मी आणि धाकट्या भावाने मिळून उभा केला. तिन्ही अक्षांवर स्टेपर मोटारी (विजेच्या पल्सनुसार ठरलेल्या पायऱ्यांनी, म्हणजे स्टेपने, फिरणाऱ्या), ५ मिमी पिचचे बॉलस्क्रू, ड्राइव्ह १/८ मायक्रोस्टेपवर, म्हणजे एका पूर्ण स्टेपचे आठ भाग. कंट्रोलर म्हणजे एका ऑफिसातून निघालेला चार कोअरचा पीसी, त्यात पॅरलल पोर्टचं (जुन्या प्रिंटरच्या जोडणीचं) कार्ड, डेबियन १२ लिनक्स आणि मशीन चालवणारं लिनक्ससीएनसी २.९.

छोटी कामं बिनचूक होतात. अडचण येते ती लांबलचक कामात. फणसाच्या फळीवर वेलबुट्टीचं फिनिशिंग तीन-साडेतीन तास चालतं. त्यात मध्येच कधीतरी वाय अक्ष किंचित सरकतो. ठरलेली जागा नाही, ठरलेली वेळ नाही. तिथून पुढची सगळी नक्षी बाजूला पडते आणि फळी वाया जाते. स्क्रीनवर वायचा आकडा मात्र अगदी बरोबर दिसत असतो. 'अनपेक्षित रिअलटाइम विलंब' असा संदेशही आलेला पाहिलाय.

लेटन्सी-टेस्ट लावली, म्हणजे पीसी ठरल्या क्षणापेक्षा किती उशिरा काम करतो ते मोजणारा प्रोग्रॅम. दहा मिनिटांत कमाल जिटर (वेळेतला मागेपुढेपणा) १७,००० नॅनोसेकंदांच्या आसपास राहतो, आणि हा आकडा चांगला समजतात. तीच टेस्ट रात्रभर चालू ठेवली तर सकाळी १,६२,००० (म्हणजे १६२ मायक्रोसेकंद) दिसतो. ह्यातला कुठला आकडा धरायचा? आणि वरचा आकडा खाली आणायला सुरुवात कुठून करायची? दुसरा पीसी घेण्याआधी आहे त्याला समजून घ्यायचंय, कारण त्यातही हेच निघालं तर पैसे गेलेच.

---

डिचोलीचा_लेथ

लेटन्सीकडे जाण्याआधी मशीनकडे बघा. कपलिंगचा ग्रब-स्क्रू ढिला असला तरी अक्ष असाच सरकतो, आणि स्क्रीनवरचा आकडा तेव्हाही बरोबरच दिसतो, कारण तुमच्या मोटारीवर एन्कोडर नाही. संगणकाने किती पल्स सोडले एवढंच तो सांगतो, मोटार किती फिरली ते नाही.

बिट काढा, वाय अक्षाला डायल (बारीक सरक मोजणारा गेज) लावा, शून्य करा आणि तोच प्रोग्रॅम हवेत चालवा. परत शून्यावर आल्यावर डायल वाचा. असं पुन्हा पुन्हा करा आणि प्रत्येक वेळी किती फरक पडला, कुठल्या बाजूला पडला ते वहीत लिहून ठेवा. फरक नेहमी एकाच बाजूला थोडा थोडा वाढत जात असेल तर मी पीसीला दोष देणार नाही. तेव्हा दिशेच्या सिग्नलचा वेळ अपुरा पडतोय असं समजा. एकदम उडी मारून सरकत असेल तर गोष्ट वेगळी.

---

फर्मागुढी_इलेक्ट्रॉनिक्स

@डिचोलीचा_लेथ काकांनी सांगितलेली डायलची चाचणी आधी कराच. ती वाचायची कशी, ते थोडं खोलात सांगतो.

तुमच्या मोटारीला एका फेरीत २०० पूर्ण स्टेप, १/८ म्हणजे १६०० मायक्रोस्टेप, ५ मिमी पिच. म्हणजे १ मिमीला ३२० पल्स. वाटेत एखादा पल्स हरवला तर फरक ०.००३ मिमीचा पडेल. तो डोळ्याला दिसायला असे पुष्कळ पल्स हरवायला हवेत. पण मोटारीचा रोटर चुंबकीय पकडीतून निसटला तर तो हवा तिथे थांबत नाही, चार पूर्ण स्टेप किंवा त्यांच्या पटीत सरकून पुढच्या पकडीत बसतो. तुमच्या मशीनवर चार पूर्ण स्टेप म्हणजे बरोबर ०.१ मिमी. म्हणून डायलवर ०.१, ०.२, ०.४ असे आकडे आले तर रोटर निसटतोय. ०.०३७ सारखे येत असतील तर नॉइझ किंवा दिशेचा वेळ तपासा.

आता आकडा कुठला धरायचा? रात्रभराचा. सॉफ्टवेअर स्टेपिंगमध्ये, म्हणजे पल्स पीसी स्वतःच बनवतो तेव्हा, त्यातला बेस थ्रेड ठरलेल्या अंतराने, समजा दर २५ मायक्रोसेकंदांनी, उठून पोर्टवर पल्स सोडतो. सरासरी किती चांगली आहे ह्याचं मोटारीला काही नाही. घुमट आरतीत रात्रभर ताल बरोबर धरला आणि एकच ठोका उशिरा पडला, तरी त्या क्षणी सगळे अडखळतात, तसंच हे आहे. तुम्ही मिनिटाला १८०० मिमीने जात असाल तर सेकंदाला ९,६०० पल्स, म्हणजे दोन पल्समध्ये साधारण १०४ मायक्रोसेकंद. त्यात एक पल्स १६० मायक्रोसेकंद उशिरा आला की रोटर आधी थबकतो आणि पुढच्या पल्सना त्याला एकदम धावत गाठावं लागतं. मोटारीत टॉर्क शिल्लक असेल तर ती निभावते. त्याच वेळी बिट कठीण गाठीत असेल तर निसटते. म्हणूनच तुम्हाला जागा आणि वेळ सापडत नाही.

दस्तऐवजात दिलेला ठोकताळा असा: १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर सॉफ्टवेअर स्टेपिंग उत्तम. ३० ते ५० असेल तर चालतं, पण वेग थोडा कमी मिळतो. १०० च्या वर गेला तर तो पीसी ह्या कामाचा नाही. आणि १ मिलिसेकंदाच्या वर गेला तर कुठलंही कार्ड लावलं तरी उपयोग नाही.

टेस्ट नुसती शांत ठेवू नका. जीएलएक्स-गिअर्सच्या (ग्राफिक्सवर भार टाकणाऱ्या प्रोग्रॅमच्या) चार-पाच खिडक्या उघडा, मोठ्या फाइली कॉपी करा, पेनड्राइव्ह लावा-काढा, ब्राउझर चालवा. मशीनची पॉवर मात्र टेस्टच्या वेळी बंद हवी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: तो विलंबाचा संदेश एका सत्रात एकदाच येतो. एकदा दिसला म्हणजे एकदाच घडलं असं नाही.

---

वेर्णा_शिफ्ट

माझं मत सरळ आहे. एफपीजीएवालं कार्ड घ्या, मेसाचं ७आय९६एस सारखं. पल्स कार्ड बनवतं, पीसीला फक्त दर मिलिसेकंदाला एकदा नेटवर्कवरून नवा वेग पाठवायचा असतो. १६० मायक्रोसेकंद उशीर झाला तरी त्या एक मिलिसेकंदात तो सामावतो. आमच्याकडे देखभालीच्या कामात मी हेच बघतो: पॅरलल पोर्टच्या मागे घालवलेले तास कार्डाच्या किमतीपेक्षा महाग पडतात.

---

फर्मागुढी_इलेक्ट्रॉनिक्स

@वेर्णा_शिफ्ट, कार्डाबद्दल मला वाद नाही, ते चांगलंच आहे. पण धागाकर्त्याचा प्रश्न आपण मधेच सोडून देऊ नये. १६२ मायक्रोसेकंदांचा झटका कुठून येतो ते कळलं नाही, तर उद्या तोच झटका दीड मिलिसेकंदाचा होऊन कार्डालाही गाठू शकतो. कार्डाच्या वॉचडॉगला ठरावीक वेळेत पीसीकडून काही आलं नाही की तो सगळी आउटपुट बंद करतो. तेव्हा निदान नीट लागलं तर दोन्हीकडे उपयोगी आहे.

---

लाकूडरेषा

मी म्हापशात नावपाट्या आणि लाकडावरची अक्षरं करते. माझंही मशीन पॅरलल पोर्टवरच आहे आणि ते चांगलं चालतं, म्हणून लिहिते. दादा, एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रत्येक बदलानंतर सारखाच वेळ आणि सारखाच भार देऊन टेस्ट करा आणि आकडा लिहा. नेटवरची दहा कलमांची यादी एकदम लावली की आकडा सुधारतो किंवा बिघडतो, पण कशाने ते कधीच कळत नाही.

सुरुवात बायोसपासून (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरपासून) करा. आधी सी-स्टेट बंद. प्रोसेसर रिकामा असला की झोपतो, आणि जितका गाढ झोपतो तितका उठायला वेळ घेतो. गाढ झोपेतून उठायला काही प्रोसेसरना शंभराच्या आसपास मायक्रोसेकंद लागतात. मग स्पीडस्टेप आणि टर्बो, म्हणजे वेग खालीवर करणारं सगळं. हायपरथ्रेडिंग असेल तर तेही, कारण एकाच कोअरवर दोन धागे नांदले की रिअलटाइम धाग्याला दुसऱ्याची वाट बघावी लागते. बोर्डावरचा आवाज, वायफाय, ब्लूटूथ, न लागणारे सिरियल पोर्ट, जे वापरत नाही ते बंद.

नंतर लिनक्सकडे. ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ओळीत आयसोलसीपीयूज देऊन दोन कोअर राखून ठेवा. चार कोअर असतील तर क्रमांक २ आणि ३. लिनक्ससीएनसी आपला रिअलटाइम धागा शेवटच्या कोअरवर बसवतं, मग डेस्कटॉप, ब्राउझर, बाकी सगळं ० आणि १ वर राहतं. अपडेट-ग्रब चालवून रीस्टार्ट केल्यावर बदल खरंच लागू झाला का ते प्रॉकमधल्या सीएमडीलाइन फाइलीत वाचून बघा. तिथे ओळ दिसत नसेल तर तुम्ही जुन्याच मशीनची टेस्ट करताय.

इंटरप्टही (उपकरणं प्रोसेसरला हातचं काम थांबवायला लावतात ते इशारे) हलवावे लागतात. आयआरक्यूबॅलन्स नावाची सेवा चालू असेल तर काढून टाका आणि ग्रबमध्ये आयआरक्यूअॅफिनिटी देऊन इंटरप्ट पहिल्या दोन कोअरवर ठेवा. आयडल=पोल लावायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. त्याने प्रोसेसर कधी झोपतच नाही, पण तापतोही तेवढाच. आपल्याकडच्या मे महिन्यात, लाकडाच्या भुशाने भरलेल्या खोलीत मी तरी तो कायमचा ठेवणार नाही. बायोसमधून सी-स्टेट बंद होत असतील तर त्याची गरजही पडत नाही.

---

डिचोलीचा_लेथ

ताईंनी भुशाचं नाव काढलं ते बरं झालं. कॅबिनेट उघडून हीटसिंक बघा. आमच्याकडे खाणींच्या दिवसांत धूळ कशी आत शिरायची ते मी पाहिलंय. लाकडाचा भुसा तर पावसाळ्यात दमट होऊन पंख्याच्या पात्यांमध्ये लेपासारखा बसतो. प्रोसेसर तापला की बोर्ड स्वतःहून वेग कमी करतो, मग तुमच्या टेस्टला अर्थ राहत नाही.

---

फोंडेकर_सुतार

सगळ्यांचे मनापासून आभार. डायलची चाचणी भावाने केली. बहुतेक फेऱ्यांना शून्य. ज्या फेऱ्यांत सरकलं त्यांत ०.१, ०.४, पुन्हा ०.१, आणि दोन्ही बाजूंना. कपलिंग घट्ट आहेत. म्हणजे रोटरच निसटतोय.

आता आकडे. प्रत्येक वेळी एकच बदल, जीएलएक्स-गिअर्स आणि फाइल कॉपी चालू, रात्रभर टेस्ट.

सी-स्टेट आणि स्पीडस्टेप बंद केल्यावर एरवीचा जिटर १७,००० वरून ११,००० वर आला. आयसोलसीपीयूज आणि आयआरक्यूअॅफिनिटीनंतर भार टाकला तरी तो ९,००० ते १०,००० मध्ये राहतो. आधी ब्राउझर उघडला की उसळायचा, ते थांबलं. हा फरक मला खूप मोठा वाटला.

पण सकाळचा कमाल आकडा अजून १,५८,००० आहे. वरचा झटका जागचा हललाच नाही.

हीटसिंक खरंच भुशाने भरलेला होता. साफ केल्यावर झटके विरळ झाले असं लेटन्सी-हिस्टोग्राममध्ये (कुठला उशीर किती वेळा झाला त्याच्या आलेखात) दिसतं, पण गेले नाहीत, आणि जेव्हा येतात तेव्हा उंची तीच, दीडशेच्या वर. सायक्लिकटेस्ट ही लेटन्सी मोजणारी दुसरी टेस्टही चालवली, तिच्यातही ते तसेच सापडतात.

---

फर्मागुढी_इलेक्ट्रॉनिक्स

दादा, तुमच्या ह्या नोंदीमुळे निदान सोपं झालं. एरवीचा जिटर सेटिंगने हलतो आणि झटका हलत नाही, म्हणजे दोघांची कारणं वेगळी आहेत. पहिलं कारण लिनक्सच्या हातातलं होतं. दुसरं त्याच्या हाताबाहेरचं दिसतं.

सायक्लिकटेस्टबद्दल एक सांगून ठेवतो: ती चालू असताना स्वतःच प्रोसेसरला गाढ झोपू देत नाही. त्यामुळे सी-स्टेट चालू असलेल्या पीसीवर ती खऱ्या कामापेक्षा चांगले आकडे दाखवू शकते. तुमच्याकडे ते आता बंद आहेत, म्हणून इथे फरक पडत नाही. पण कुणी फक्त तिच्या आकड्यावरून पीसी पसंत करू नये.

आता एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट चालवा. हे साधन कर्नलच्या आत ठरावीक वेळ इंटरप्ट बंद करून एकाच कोअरवर घड्याळ सतत वाचत राहतं. त्या काळात लिनक्सचं दुसरं काहीही तिथे येऊ शकत नाही. तरीही दोन वाचनांमध्ये मोठी फट पडली तर ती लिनक्सने पाडलेली नाही. ती फट पाडणारा बहुतेक वेळा एसएमआय असतो, सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट. तो आला की प्रोसेसर हातातलं सगळं टाकून बायोसने आधीच मेमरीत बसवून ठेवलेला कोड चालवतो. ऑपरेटिंग सिस्टिमला त्याची वर्दीही मिळत नाही आणि तिला तो रोखताही येत नाही. रिअलटाइम कर्नल असो नसो, त्याच्यापुढे सारखेच. पंख्याचा वेग, तापमान, यूएसबी कीबोर्डला जुन्या पद्धतीचा कीबोर्ड भासवणं, मेमरीतली चूक नोंदवणं, अशी कामं बोर्ड बनवणारे ह्यातून करून घेतात. ऑफिसात टायपिंग करणाऱ्याला दीडशे मायक्रोसेकंद जाणवणारच नाहीत, म्हणून त्यांनाही त्याची पर्वा नसते.

खात्री करायला टर्बोस्टॅट (प्रोसेसरचे आतले आकडे दाखवणारा प्रोग्रॅम) लावा. इंटेलच्या प्रोसेसरवर त्यात एसएमआयचा रकाना असतो. हिस्टोग्राममध्ये झटका येतो त्याच सुमाराला तो आकडा वाढत असेल तर शंका उरत नाही.

आणि बायोसमध्ये 'यूएसबी लेगसी सपोर्ट' असेल तर बंद करा. त्यानंतर काही बोर्डांवर बायोसमध्ये शिरताना यूएसबी कीबोर्ड चालत नाही, तेव्हा गोल पिनचा जुना कीबोर्ड हाताशी ठेवा.

---

फोंडेकर_सुतार

केलं. यूएसबी लेगसी बंद केल्यावर झटके निम्म्याहून कमी झाले. उरलेले एचडब्ल्यूलॅटडिटेक्टमध्ये स्पष्ट दिसतात, दीडशेच्या आसपास. टर्बोस्टॅटचा रकाना त्यांच्या बरोबरीनेच चढतो. कॅबिनेटवर टेबलफॅन सोडला की ते आणखी लांबतात, पंखा काढला की जवळ येतात. म्हणजे तापमान आणि पंख्याचंच काम असावं. बायोसमध्ये पंख्यासाठी एकही सेटिंग नाही. बायोसची नवी आवृत्ती घातली, तीत फरक नाही.

चिपसेटमध्येच एसएमआय बंद करणारं एक रजिस्टर असतं असं वाचलं. ते करू का?

---

लाकूडरेषा

दादा, नको. तापमानावर लक्ष ठेवणारं तेच काम करत असेल, तर ते बंद केल्यावर पंखा वाढणार नाही आणि पीसी तापत जाईल. शिवाय बऱ्याच बोर्डांवर बायोस ते रजिस्टर कुलूप लावूनच ठेवतो.

---

फर्मागुढी_इलेक्ट्रॉनिक्स

ताई म्हणतात तेच. इथे ह्या पीसीची हद्द संपली. ह्याच्यावर सॉफ्टवेअर स्टेपिंग करायचंच म्हटलं तर बेस पिरियड (बेस थ्रेडच्या दोन उठण्यांमधलं अंतर) १७० मायक्रोसेकंद ठेवावा लागेल, म्हणजे सेकंदाला सुमारे ५,९०० पल्स, म्हणजे मिनिटाला जेमतेम ११०० मिमी. फिनिशिंगला एक वेळ चालेल, रॅपिडला (न कापता भरभर सरकायला) अजिबात नाही.

दुसरा पीसी घेण्याआधी एक करा. तुमची एसएसडी काढा आणि ओळखीत जिथे जिथे जुने डेस्कटॉप पडून आहेत तिथे लावून लेटन्सी-हिस्टोग्राम चालवा. बहुतेक पीसींवर डेबियन तसंच सुरू होतं. ग्रबमधल्या कोअरच्या क्रमांकांकडे मात्र लक्ष द्या, तिथे दोनच कोअर असतील तर शेवटचा एकच राखा. प्रोसेसर नवा की जुना, जीबी किती, ह्यावरून लेटन्सीचा अंदाज बांधू नका. ती बोर्डावर आणि बायोसवर ठरते. एकाच मालिकेतले दोन पीसी, बायोसची आवृत्ती वेगळी, तर आकडे वेगळे येऊ शकतात. दुकानदाराला विचारून हे कळणार नाही, टेस्ट करूनच कळतं.

---

कर्नल_वाचक

थोडं अवांतर. लिनक्ससीएनसीचं मूळ अमेरिकेच्या निस्ट संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या ईएमसी नावाच्या कंट्रोलरमध्ये आहे. बरीच वर्षं ह्या कामासाठी आरटीएआयचं वेगळं ठिगळ लावलेलं कर्नल वापरायला लागायचं. नंतर लिनक्सलाच रिअलटाइम करणारं प्रीएम्प्ट-आरटी आलं, तेही बाहेरूनच जोडावं लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१२ पासून ते मुख्य कर्नलचाच भाग झालं. आपल्यासारख्या छोट्या दुकानांसाठी ही मोठी गोष्ट आहे, कर्नल स्वतः बांधत बसायला नको. पण एसएमआयच्या बाबतीत वर लिहिलंय तेच खरं, तिथे कुठलंही कर्नल कामी येत नाही.

---

फोंडेकर_सुतार

एसएसडी घेऊन ओळखीच्या दुकानांत फिरलो. हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या मित्राकडे दोन कोअरचा, आमच्यापेक्षा कितीतरी जुना डेस्कटॉप होता, बोर्डावरच पॅरलल पोर्ट असलेला. बिलिंगला तो फारच हळू म्हणून कोपऱ्यात ठेवलेला. बायोसमध्ये सी-स्टेट, यूएसबी लेगसी आणि पंख्याचा आपोआप वेग, तिन्ही बंद होतात. पंखा पूर्ण वेगाने फिरतो, आवाज येतो, पण स्पिंडल आणि डस्ट कलेक्टरपुढे तो कुणाला ऐकू येणार?

भार टाकून रात्रभराचा कमाल आकडा: १२,४००. दुसऱ्या रात्री पुन्हा लावला, १२,१००. एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट रिकामा. टर्बोस्टॅटचा रकाना हलत नाही. मित्र तो द्यायला तयार आहे. बदल्यात त्याच्या देवघरासाठी एक चौकट करून देतोय.

आता बेस पिरियड किती ठेवू? माझं रॅपिड मिनिटाला ३००० मिमी पुरे.

---

फर्मागुढी_इलेक्ट्रॉनिक्स

३००० मिमीला सेकंदाला १६,००० पल्स लागतात. स्टेपजेनचं (लिनक्ससीएनसीतल्या पल्स बनवणाऱ्या भागाचं) रीसेट फंक्शन वापरत असाल तर दर पिरियडला एक पल्स निघतो, म्हणून ४० मायक्रोसेकंदांनीही २५,००० पर्यंत जाता येईल. तरी मी २५ ठेवेन, आणि त्याचं कारण वेग नाही. पल्स पिरियडच्या पटीतच निघू शकतात. १६,००० ला आदर्श अंतर ६२.५ मायक्रोसेकंद. ४० च्या पिरियडवर ते कधी ४०, कधी ८० असं पडेल, म्हणजे मोटारीला एक पल्स दुसऱ्याच्या दुप्पट अंतराने मिळेल. २५ वर तेच ५० आणि ७५ होतं. मोटार जास्त गुळगुळीत फिरते, तिचा आवाजही बदललेला ऐकू येईल.

१२ मायक्रोसेकंद जिटर आणि ड्राइव्हला लागणारा पल्समधला वेळ मिळून २५ च्या आत बसतो ना, तेवढं ड्राइव्हच्या कागदावरून तपासा. समजा तो ५ असेल तर १७ होतात, जागा आहे.

---

डिचोलीचा_लेथ

कागद हातात आहेच तर दिशेचा सेटअप आणि होल्ड वेळही (पल्सच्या आधी आणि नंतर दिशेचा सिग्नल स्थिर ठेवायचा वेळ) त्यावरूनच भरा, अंदाजाने नको. ऑप्टोकपलरवाल्या ड्राइव्हला तो थोडा जास्त लागतो. कमी भरला की दिशा बदलताना एकेक पल्स उलट्या बाजूला जातो. नक्षीत दिशा सतत बदलते, तेव्हा तासाभरात तो फरक दिसण्याएवढा होतो. आधी लेटन्सीच्या झटक्यांत तो लपला असता, आता लपणार नाही.

दुसरं, पाऊस सुरू होतोय. पीसी यूपीएसवर घ्या, आणि ड्राइव्हच्या सप्लायचं व पीसीचं अर्थिंग एकाच बिंदूवर आणा. पॅरलल पोर्टच्या केबलचा शील्ड एकाच टोकाला जोडा. केबल स्पिंडलच्या व्हीएफडीच्या (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) वायरीपासून लांब न्या. पोर्टचे ५ व्होल्टचे सिग्नल बिचारे कमजोर असतात.

---

कुडचडेकर

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्याकडे लॅपटॉप आहे आणि यूएसबी ते पॅरलल केबल. त्याच्यावर हे जमेल का?

---

लाकूडरेषा

नाही जमणार, भाऊ. ती केबल प्रिंटरसाठी असते, लिनक्ससीएनसीला पोर्टचे पत्ते थेट हवे असतात आणि यूएसबीच्या पलीकडे ते मिळत नाहीत. लॅपटॉपमध्ये बॅटरी आणि तापमान सांभाळायला बायोसची ढवळाढवळ डेस्कटॉपपेक्षा जास्तच असते. एखादा जुना डेस्कटॉप शोधा, वर दिलेली टेस्ट करा, मग पुढचं बघू.

---

वेर्णा_शिफ्ट

@फोंडेकर_सुतार, जुळलं ते उत्तम. तुमचा आधीचा पीसी टाकून देऊ नका. दीडशे मायक्रोसेकंदांचा झटका सर्व्हो थ्रेडच्या (कार्डाला नवा वेग पाठवणाऱ्या धाग्याच्या) १ मिलिसेकंदात सहज बसतो. पुढे चौथा अक्ष किंवा लाकडाचा लेथ जोडायचा झाला तर त्याच पीसीला इथरनेटवालं कार्ड लावा. तेव्हा लेटन्सी-हिस्टोग्राम बेस थ्रेडशिवाय चालवून फक्त सर्व्होचा आकडा बघा. कार्डासाठी नेटवर्कचा पोर्ट वेगळा ठेवा, मध्ये नेटवर्कचा स्विच किंवा इंटरनेटचा राउटर नको, थेट केबल. नेटवर्क चिप इंटेलची असेल तर इथटूलने इंटरप्ट साठवून ठेवणं बंद करा, आरएक्स-यूसेक्स शून्य. वीज वाचवणारं इथरनेट हा पर्यायही बंद. मग कार्डाला पिंग लावून रात्रभर ठेवा आणि सरासरी सोडून कमाल वेळ वाचा.

---

फोंडेकर_सुतार

पिरियड २५ वर ठेवला. ड्राइव्हच्या कागदावर दिशेचा सेटअप ५ मायक्रोसेकंद होता, आमच्याकडे स्टेपकॉन्फमध्ये (लिनक्ससीएनसीची सेटिंग भरायच्या प्रोग्रॅमात) त्याहून कमी भरलेला, तो दुरुस्त केला. हवेत साडेतीन तासांचा तोच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालवला, डायल प्रत्येक वेळी शून्यावर. आता फणसाची फळी लावलीय. जुन्या पीसीच्या बायोसची सगळी पानं मोबाइलवर फोटो काढून ठेवली आहेत, बोर्डाची बॅटरी संपली तर सेटिंग पुन्हा भरायला. इथे कुणाला तेच मॉडेल मिळालं तर मला निरोप करा, फोटो पाठवतो.